टाचणीमावशीचा गाल

सकाळी एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि दारावर टकटक. दूध उतू जायची वेळ साधून येणारी माणसं ठरलेली असतात. दारात टाचणीमावशी, हातात आमचे शिवून झालेले पडदे.

हे नाव आमच्या मुलांनी ठेवलेलं. शिवताना टाचण्या ओठांत धरायची तिची सवय. तेवढा वेळ नुसते हुंकार. तिचा नवरा म्हणायचा, "घरात शांतता हवी ना? मग हिला शिवण आणून द्या."

मागे तिच्या डाव्या गालाला आतून आग होऊ लागली. आरशात पाहिलं तर जाळीसारख्या पांढऱ्या रेघा, मधे लालभडक. गरम घोट सोसेना. सगळ्यांनी टाचण्यांना धारेवर धरलं. मग तिने मनगटावर कापसाची गादी बांधली आणि टाचण्या तिथे खोचायला लागली. हात मंदावला, आग मात्र तशीच. एकदा मशीन थांबवून तिने हळूच विचारलं, "ताई, कॅन्सर तर नसेल?" त्याच दिवशी मी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी गाल बाजूला ओढून निवांत पाहिलं. दाढेत बऱ्याच वर्षांपूर्वी भरलेली चांदी जिथे गालाला टेकत होती, रेघा नेमक्या तिथेच. गालाचा इवलासा तुकडा तपासला, त्यात वाईट काही निघालं नाही. मग ॲलर्जी कशाची ते कळायला पाठीवर वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवून पाहिल्या. दातातल्या चांदीत पारा कालवलेला असतो, तो तिला सोसत नव्हता. टाचण्यांच्या धातूबद्दल मात्र काहीच तक्रार नव्हती.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हटलं.

"संन्याशालाही तोंडात ठेवू नका," बाई म्हणाल्या. "एखादा गिळाल."

चांदी काढून दाढेत पांढरं सिमेंट भरलं. रेघा सावकाश विरत गेल्या.

आज पडदे खुर्चीवर टाकून ती थेट खिडकीशी गेली आणि गाल बोटाने ओढून म्हणाली, "बगा." बोट तोंडात, त्यामुळे तेवढंच उमटलं. मी बघितलं. गुलाबी, गुळगुळीत, बाळाच्या गालासारखा.

"आता टाचण्या परत तोंडात?" मी विचारलं.

"मनगटावरची गादी राहू दे. निदान नवऱ्याला उत्तर तरी देता येतं."

मी हसत चहा गाळला आणि सवयीने तिच्या कपातला दुसऱ्या कपात ओतून गार करायला लागले. तिने माझा हात धरला.

"ताई, आज मला चहा गरमच द्या."