रांगोळीचा हिंदुस्थान

आमचं घर वडगावात, विणकराचं. मी आणि माझी चुलत बहीण चौथीत होतो. इंग्रजांचं राज्य होतं, आणि परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब स्वतः यायचे. भूगोल तोंडी विचारायचे. पुस्तक वाचून माझ्या डोक्यात काही राहीना, म्हणून बहिणीनं अंगणात रांगोळीनं अख्खा हिंदुस्थान काढला. नियम एकच: ज्या गावावर पाय पडेल त्याचं नाव सांगायचं, मगच पुढे जायचं.

आम्ही घरातल्या कुणालाच सोडलं नाही. माझे वडील, आप्पा, सुताची लड घेऊन मागाकडं निघाले.

"वाट सोडा गं, काम हाय मला."

"आप्पा, मद्रास तुडवू नका. समुद्रातनं जावा."

आप्पा पुटपुटत, धोतर जरा वर धरून, खरोखरच समुद्रातनं गेले.

दुपारी चिकोडीची आत्या आली. नकाशाकडे न बघता ती थेट पाटण्यावर बसली आणि शेंगा फोडायला लागली.

"आत्या, तुमच्या पायाशी कुठली नदी?"

"नदी कसली गं? टरफलं हाईत ती."

ती टरफलं आम्ही बोटानं ओढून गंगेवर नीट लावली, पार कलकत्त्याच्या खाली समुद्रापर्यंत. आत्या हलेना, म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही तिच्याभोवतीच फिरत घोकत राहिलो.

परीक्षेत साहेबांनी मला विचारलं, "पाटणा कुठल्या नदीवर?"

मला हसू फुटलं. बाईंनी डोळे वटारले. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा घाबरून सगळं सांगून टाकलं. ते मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "बरं, मग तुझ्या आत्याला दिल्लीला जायचंय. कुठल्या दिशेनं निघेल?"

"वायव्येला, साहेब. पण शेंगा संपल्याबिगर ती उठायची न्हाय."

वर्ग खदखदून हसला. साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. मी पास झाले. बहीणही झाली, पण तिला नुसती आपल्या जिल्ह्यातली पिकं विचारली म्हणून ती दोन दिवस फुरंगटून बसली होती.

आत्याला हे कळलं तेव्हा ती भडकेल असं वाटलं होतं. भडकलीच, पण भलत्याच गोष्टीवर.

"साहेबासमोर मला पाटण्याला कशाला बसवलंस गं? जरा सरकवून काशीला बसवायचं हुतंस की!"