अनुया आणि दोन मिनिटांची शांतता

नाव: कु. अनुया दत्तात्रेय सप्रे. वय: सव्वीस. राहणार: खंडेराव गेटजवळ, झाशी. हुद्दा: संस्थापक, संचालक व मुख्य रचनाकार, झाशी युवा समकालीन वाद्यवृंद. संख्याबळ: सात. उद्दिष्ट: हयात रचनाकारांचे अभिजात संगीत जनसामान्यांपर्यंत पोचविणे.

जनसामान्य मागच्या वर्षी दहाव्या मिनिटाला उठले होते. आधी एकेक करत, चपला शोधत, मग घोळक्याने.

म्हणून यंदा मराठी मंडळाचे सचिव आबासाहेब स्पष्टच बोलले, "हे बघ बेटा, हॉल मधेच रिकामा झाला तर पुढच्या वर्षी नाही मिळायचा. भजनी मंडळ टपून बसलंय." शहरात दुसरं कुणी तिला हॉल देत नव्हतं.

त्यात यंदा अनुयाची स्वतःची रचना होती, बेतवा नदीकाठच्या गावावरची, 'एरच'. बेतवा वळणाआड दिसेनाशी होते, त्या जागी सातही वाद्यांनी दोन मिनिटं गप्प राहायचं.

"दीदी, दो मिनट?" क्लॅरिनेटवाला नचिकेत म्हणाला. बबीना छावणीतल्या सुभेदारांचा मुलगा; त्याला मराठी समजे, तोंडातून मात्र हिंदीच निघे. "लोग निकल लेंगे. काट दो ना."

"नदी कशी कापू रे?"

"नदी नहीं, हॉल जाएगा."

अनुयाने कापलं नाही. मात्र आठवडाभर तिला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी सव्वाशे माणसं आली, निम्मी फौजी कुटुंबं. अकराव्या मिनिटाला वाद्यं थांबली. श्रोत्यांकडे पाठ करून अनुया हात वर धरून उभी. फक्त पंख्यांची घरघर. मग मागे एक खुर्ची सरकली. दुसरी सरकली. मग सगळ्याच.

नचिकेतचे डोळे विस्फारलेले पाहून तिने मान वळवली. सुभेदार सावधान उभे होते. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते. सव्वाशे माणसं माना खाली घालून मौन पाळत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

वाद्यं पुन्हा सुरू झाली, मंडळी बसली. आता मधेच उठायची कुणाची छाती होईना. उरलेली बावीस मिनिटं सगळ्यांनी ऐकली, आणि आपल्याला हे आवडतंय, असं कळून काही जण जरा संकोचले.

टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतल्या हौसामावशींनी अनुयाचे हात धरले. "फार छान गं. पण वारलं कोण?"

"कुणीच नाही, मावशी!"

"मग तर फारच छान," म्हणत त्यांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या.

आबासाहेबांनी तिथेच हॉलची वही काढून पुढच्या वर्षीचा रविवार नोंदला. प्रयोजनाच्या रकान्यात 'शोकसभा' लिहिलं. अनुयाने खाली सही केली.