रॅमच्या खाचेतला लाल दाणा

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या मराठी मंडळींनो, आजची फजिती लिहितेय.

लेकीच्या कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरायची मुदत आज पाचपर्यंत होती. कागदपत्रं सगळी आमच्या जुन्या डेस्कटॉपवर, आणि तो सारखा अडकत होता. म्हणून दुपारी मी जुनी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून नवीन लावली. बीप, बीप, आणि स्क्रीन काळी! घाबरून जुनी परत लावली, तरी तेच. साडेचार वाजले. लेक रडायला लागली.

रॅम विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर झापलं, "भैया, कैसा माल दिया है?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, स्लॉट में टॉर्च मारकर देखिए."

मारला. खाचेत तांदळाचा दाणा रुतला होता, कुंकवाने लाल.

दर दसऱ्याला संगणकाची पूजा मीच करते. तो तापतो म्हणून बाजूचं झाकण कायम उघडं, आणि मी अक्षता टाकते! आत साठलेल्यांतलाच एक दाणा रॅम काढताना खाचेत घरंगळला.

चिमट्याने काढला. संगणक सुरू झाला. पाचला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. दुकानदाराची माफीही मागितली.

लेक म्हणाली, "आई, यंदा लांबूनच नमस्कार कर, प्लीज."

तुम्हीही टाकता का हो अक्षता? मी तर तो नीट चालावा म्हणूनच टाकत होते.