इनास मिस्त्रींचा शुक्रवार

इनास मिस्त्री गेल्याचं मला गोदामात कळलं. त्यांच्या वसईकडच्या गावचा एक फिटर रजेवरून परत आला, सिमेंटच्या पोत्यावर टेकला आणि म्हणाला, "आमचा इनास गेला. छातीत कळ आली... डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं." त्याला आता महिना होत आला. मिस्त्री घरी गेले होते ते पंधरा दिवसांची सुटी काढून, आणि पन्नाशीही झाली नव्हती त्यांची.

जऊळक्याला रेल्वेच्या पुलाचं काम निघालं तेव्हा दगडकामावरचे मिस्त्री म्हणून ते आले आणि आमच्या पुढच्या खोलीत राहू लागले. मी त्याच कामावर गोदाम सांभाळतो. त्यांचं जेवण आमच्याकडेच. ते कॅथलिक ख्रिस्ती. तोवर मी ख्रिस्ती माणूस जवळून पाहिलेला नव्हता. ईस्टरच्या आधीचा त्यांचा उपासाचा काळ लागला, तसे ते आमच्या घरात म्हणाले, "वहिनी, शुक्रवारी माझा उपास असतो. मटण नको." बायकोने त्यातला उपास तेवढा ऐकला आणि साबुदाणा भिजवला. पुढच्या शुक्रवारी भगर, मग पुन्हा साबुदाणा. मिस्त्री मुकाट्याने खात आणि दिवसभर उन्हात दगड बसवत. शेवटी एका शुक्रवारी ताटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, भाकरी असेल का थोडी?"

"उपासाले भाकरी?"

"आमच्यात चालते. वरणही चालतं."

"मंग पहिल्याच दिवशी काहून नाही सांगतलं, भाऊजी? अंडं चालते?"

"चालतं. दूधही."

"मच्छी?"

"तीही चालते."

"मायबाई! मंग सोडता तरी काय?"

"मांस. बकरं, कोंबडी. आणि त्याचा रस्सासुद्धा."

"असा उपास तं मी बारा महिने करतो," ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी ट्रंकेतले सुके बोंबील काढून मागच्या अंगणात भाजले. वास पार रस्त्यापर्यंत गेला. कामावर चेष्टा सुरू झाली. "मिस्त्री, उपास लई जड जाऊन राह्यला का? एक बोंबील आमाले बी द्या, पुण्य भेटन." ते चिडत नसत. मी मात्र खोदून विचारलं, कारण मला कुठलाही नियम अर्धा कळलेला आवडत नाही. ते म्हणाले, उपासाला दिवसातून एकदाच जेवण्याची सक्ती कष्टाचं काम करणाऱ्यांना नाही, पण शुक्रवारचं मांस सगळ्यांनाच बंद. "मासळी आमच्याकडे रोजची. मटण सणाचं. सण सोडायचा असतो, पोट नाही."

त्याच उपासात पुलाचा मधला खांब पुरा झाला. मजुरांचे मुकादम रहीमभाई यांनी खांब उभा राहिला की बकरा कापायचं बोलून ठेवलं होतं, आणि जेवण ठेवलं जुम्म्याच्या नमाजानंतर. म्हणजे शुक्रवारी. आमच्याकडे एखाद्याच्या घरचं खायला नाही म्हटलं, की त्याचा एकच अर्थ होतो. त्या दिवशीही कुणाचं पोट बिघडलं होतं, कुणाकडे अचानक पाहुणे आले होते... रहीमभाईंना ही कारणं पाठ होती. पण मिस्त्रींनी पत्रावळीवर हात आडवा धरला, तेव्हा रहीमभाईंचा चेहरा उतरला. दोघांनी मिळून तो खांब पायापासून वर आणला होता.

"तुम भी, मिस्त्री? आमच्या हातचं चालत नसन तं सीधं बोला."

"शुक्रवार आहे, रहीमभाई."

"बोटी नको घेऊ. शोरवा तं घे."

रश्श्याचं मिस्त्रींनी आधी सांगितलं होतं, तरी मलाही ते पटलं. तुकडा नाही तर मांस कसलं? मी तसं बोललोही. मिस्त्री म्हणाले, "शोरवा मांसाचाच. तो मला चालत नाही. तुमच्या हातचं चालतं." आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी रहीमभाईंच्या ताटातली रोटी उचलली, कांदा-मिठाबरोबर खाल्ली, त्यांच्याच लोट्यातलं पाणी तोंड लावून प्याले. "माझा वाटा ठेवा. उद्या सकाळी येतो."

"उद्या कोन येते!" मागून कुणीतरी बोललं. रहीमभाई पुढच्या पत्रावळीकडे वळले.

शनिवारी कामावर जाताना मी पाहिलं, मिस्त्री रहीमभाईंच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. मजुरांची सगळी ये-जा त्याच ओट्यासमोरून. रहीमभाईंच्या घरच्यांनी रात्रीतून दोनदा उकळून ठेवलेलं मटण समोर होतं. येणारा-जाणारा थबकून बघत होता आणि मिस्त्री नळी तोंडाला लावून अशी ओढत होते, की आवाज रस्त्यापर्यंत येत होता. रहीमभाईंनी न विचारता आणखी एक रोटी वाढली. "हळू खाय, कामाचा भोंगा व्हायचा हाय अजून," ते म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर रहीमभाईंनी शुक्रवारी जेवण घातलं नाही. जे काही असेल ते आदल्या दिवशी, जुमेरातीला. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीची सोयरीक ठरली. मी तिथे बसलो होतो. घरातल्यांनी सुचवलं, पाहुण्यांना जुम्मा सोयीचा आहे, आता मिस्त्रीही राहिले नाहीत.

"मालूम हाय," रहीमभाई म्हणाले. "जेवण जुमेरातलेच."

मी गुरुवार पाळतो, त्या दिवशी मटण खात नाही. ते त्यांना ठाऊक होतं, माझा वाटा त्यांनी ठेवला. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसलो.