मटामावरची चूल

मोडनिंबच्या अलीकडं तांबड्या मुरमाची एक टेकडी होती. बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याचं काम निघालं आणि त्या टेकडीची खाण झाली. अक्कलकोटकडून आलेली नागव्वा तेव्हा नवी नवरी. टेकडीच्या माथ्यावर तिनं आणि सोमलिंगनं पाल ठोकलं, तीन दगडांची चूल मांडली. पहिली भाकरी करपली. सोमलिंगनं ती मिटक्या मारत खाल्ली, म्हणजे गडी खोटं वागण्यात पहिल्यापासूनच पटाईत होता.

वर्षभरात तो कोकणात लोखंडाच्या खाणीवर निघाला. जाताना म्हणाला, "हितनं हलू नगंस. मी आलो की सरळ चुलीपाशीच येतो बघ."

आता टेकडीच खणायची, तर चूल राहणार कशी? पाल खाली आलं, कुदळी माथ्याला भिडल्या. नागव्वानं मुकादम गुरप्पाचे पाय धरले. गुरप्पा तोंडाचा फाटका, पण मनाचा मऊ. खोदकाम किती खोल गेलं ते मोजायला मूळ जमिनीचा एक खांब मध्ये तसाच ठेवतात, त्याला मटाम म्हणतात. कुठं ठेवायचा ते मुकादमाच्या हातात. त्यानं तो चुलीखालीच ठेवला. भोवतीची टेकडी रस्त्यावर जाऊन पसरली, चूल तेवढी आभाळात राहिली. खालून जाता-येता नागव्वा मान वर करून बघायची. आठवण अशी दाटून यायची की डोक्यावरची पाटी जड व्हायची.

माप झालं की मटाम पाडायचा, हा रिवाज. गुरप्पा आज पाडू, उद्या पाडू करत राहिला. तीन वर्षांनी कोकणातून परतलेल्या एका गड्यानं सांगितलं, सोमलिंगनं तिकडं दुसरं घर केलंय, पोरगंही झालंय. ऐकून गुरप्पाचं डोकं फिरलं. शिव्या हासडत तो कुदळ घेऊन खाणीत उतरला.

नागव्वा आडवी आली.

"आता कुणासाठी गं?" गुरप्पा ओरडला. "त्यो येत न्हाय!"

"ठावं हाय, मामा." तिची नजर वरच होती. "त्यो न्हाय आला तर न्हाय. पर तितं मी लई सुखात हुते की. ती जागा पाडल्यावर मी कुटं बघू?"

गुरप्पा मग कुदळ खांद्यावर टाकून पलीकडचा मुरूम खणायला गेला.