मी बसलो

मावशीच्या तोंडात ‘मी’ हा शब्द कधी बसलाच नाही. प्रोग्रॅम लिहिण्यात वीस वर्षं गेली, पण कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: आम्ही केलं. कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा ही सवय अंगाशी आली. जिथं मुलाखत, तिथं नकारघंटा. घरात कमावणारी ती एकटी, त्यामुळे ही नवी मुलाखत हातची घालवून चालणार नव्हतं.

भाचीनं तिचा रेझ्युमे वाचला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हे आम्ही आम्ही कोण? अख्खं गाव येणारे का मुलाखतीला?" मग तिनं कॉम्प्युटरलाच हुकूम सोडला, दिसेल तिथं ‘आम्ही’ काढ आणि ‘मी’ घाल. ‘आम्ही केलं’चं ‘मी केलं’ झालं, कुठं खुट्ट म्हणून नाही. दोघी खूश. पुन्हा वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

मुलाखत घ्यायला तिथला मुख्य इंजिनिअर बसला होता. चष्मा नाकावर, नजर कागदात. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही. मग एकदम मोठ्यानं वाचलं, "एकच बिल दोनदा निघू लागलं, तेव्हा मी दिवसभर ठाण मांडून बसलो आणि चूक शोधली." आता त्यानं वर पाहिलं. "बसलो?"

टायपिंगची चूक म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मावशीला ते जमेना.

"तिथं आधी ‘आम्ही’ होतं," ती म्हणाली. "भाचीनं सरसकट बदललं. चूक शोधली माझ्या शेजारी बसणाऱ्यानं. दुरुस्त मी केली."

"कशी?"

तिनं कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर चौकटी, बाण काढायला घेतले. "आपण असं धरू, ग्राहकानं बटण दोनदा दाबलं." इंजिनिअरनं खुर्ची जवळ घेतली. त्यानं तिचा एक बाण खोडला, तिनं तो परत काढला आणि का काढला तेही सांगितलं. आलेला चहा तसाच निवला. ती निघताना तो हसून म्हणाला, की आजवर आलेल्या प्रत्येकानं सगळं एकट्यानंच केलेलं होतं. मावशीला हायसं वाटलं, पण आशा धरायचा धीर झाला नाही.

नोकरी मिळाल्याचा फोन आला तसा तिनं लगेच भाचीला लावला.

"मी पास झालो."

"झाले, मावशी. झाले म्हणायचं."

"झालो," मावशी म्हणाली. "तू पण होतीस ना त्यात."