आत्याच्या नावाचा पुकारा

इंटरनेटवर मी कोर्टकज्ज्यांबद्दल लिहायला लागलो तेव्हा रत्नागिरीच्या बाररूममध्ये बरीच टिंगल झाली. "अशिलं मिळत नाहीत म्हणून भिंतीशी बोलतोय," असं एक ज्येष्ठ वकील म्हणाले. मी हट्टाने लिहीत राहिलो. कोर्ट सुटलं की स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसायचं आणि एखादा निकाल कुणालाही कळेल अशा मराठीत ब्लॉगवर उलगडायचा. वाचणारे बहुतेक मुंबईतले, काही आखातातले. 'दावा एकतर्फी कसा होतो' या लेखाबद्दल तर मस्कतहून एकाने आभार मानले. समन्स घेतलं आणि तारखेला गेलं नाही, तर बाजू खरी असूनही माणूस हरतो, एवढंच त्यात होतं. लेख फार जमलाय अशा तोऱ्यात मी होतो.

एप्रिलमध्ये एका सकाळी माझ्या प्रकरणाची वाट बघत कोर्टात मागे बसलो होतो. शिपायाने दारात उभं राहून पुकारा केला आणि मी दचकलो. नाव माझ्या आत्याचं होतं. तिच्यावर दावा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तिचं सासर हातखंब्याच्या पुढे, आतल्या गावात. यजमान गेल्यापासून ती बागेतल्या घरात एकटीच राहायची. दावा लावला होता तिच्या दिराच्या मुलाने, तो मुंबईत नोकरीला. घर माझं आहे, काकीने ते रिकामं करावं, असं त्याचं म्हणणं. शिपायाने पुन्हा नाव घेतलं, मग पुन्हा. व्हरांड्यातून कुणी आलं नाही. मी उठून उभा राहिलो, पण माझ्याकडे तिचं वकीलपत्र नव्हतं. प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा, असा हुकूम झाला आणि पुढचं प्रकरण निघालं.

बाहेर आत्याचा तो पुतण्या भेटला. "दादा, तुमचं वाचतो मी नेटवर," तो म्हणाला. "तो एकतर्फीवरचा लेख मस्त होता." त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती.

दुपारच्या एसटीने गेलो. आत्या अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. तारखेला का आली नाहीस म्हटलं, तर तिला माझंच नवल वाटलं.

"ता मिटला ना. शिमग्यात पालखी भायेर काढायच्या आधी देवळात गाऱ्हाणा घातलानी. मी जिती असेपर्यंत घर माजा, म्हणून गुरवान कौल लावलान. देवान उजवा दिलान, माज्या बाजून. पुतण्यानपन सगळ्यांसमोर मान खाली घालून कबूल केलान."

"आत्या, कोर्टाला कौल कळत नाही. त्याने दावा मागे घेतलेला नाही. अजून वेळ गेलेली नाही. या वकीलपत्रावर सही कर, पुढचं मी बघतो."

तिने पदराला हात पुसले, पण पेन घेतलं नाही. "देवान दिलान, तो मी परत कोर्टात मागायला जाव? मग देवावर भरोसा नव्हता असाच झाला ना."

मी चिडलो. तुझा देव बेलिफाला अडवणार आहे का, असंही बोलून गेलो. तिने शांतपणे चहा टाकला. निघताना मागे वळून बघितलं, तर मला घर दिसेना, पंचनामाच दिसायला लागला. पुढचं दार, पडवी, विहीर, विहिरीवरचा रहाट.

नंतरही मी जात राहिलो. तिने सही केली नाही. घर रिकामं करण्याचा हुकूमनामा झाला. बेलीफ आला त्या दिवशी गुरव आणि कौलाच्या वेळी देवळात असलेले गावकरी आपापल्या दारात उभे होते. कुणी उंबरा ओलांडला नाही. मला त्या सगळ्यांचा संताप आला. आत्याने तुळशीला पाणी घातलं आणि ती माझ्याबरोबर रिक्षात बसली.

पुढच्या शिमग्याला ती माझ्याकडेच होती. मी एकटा गावात जाऊन घरोघर फिरणारी पालखी बघून आलो. दारात चपला काढतोय तोच तिने विचारलं, "आपल्या अंगणात पालखी वळली ना? देवासमोर नारळ कोनी ठेवलान?"

घराला कुलूप होतं. पालखी तिथे वळलीच नव्हती, ढोल वाजत पुढे निघून गेली होती. जगाला कायदा सोपा करून सांगणाऱ्या मला तिला एवढं सांगवेना.

"तुझ्या पुतण्याने ठेवला," मी म्हटलं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यान ठेवलान. आनि देवान घेतलान?"